इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाला शुश्रूषेत सहभागी कसे करून घ्यावे

नव्याने इन्सुलिन सुरू झालेल्या रुग्णाला डिस्चार्जच्या दिवशी घाईघाईने दिलेली माहिती घरी पोहोचेपर्यंत विरून जाते, म्हणून परिचारिकेने पहिल्या इंजेक्शनपासूनच त्याला सोबत घ्यावे.

आधी विचारावे, मग सांगावे. घरी स्वयंपाक कोण करते, जेवणाच्या वेळा काय, फ्रीज आहे का, सिरिंजवरच्या बारीक खुणा दिसतात का, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे. उपवासाचा विषय रुग्ण बहुधा आपणहून काढत नाही आणि ‘उपवास बंद’ असे फर्मान सोडले की तो लपवून करतो, त्यापेक्षा “आजी, चतुर्थीला तुम्ही काय खाता?” असे विचारून, राउंडच्या वेळी डॉक्टरांपुढे ते त्यांनाच सांगू द्यावे, म्हणजे त्या दिवसाचा डोस त्यांच्यादेखत ठरेल.

त्यानंतर सिरिंज रुग्णाच्या हातात द्यावी. 40 युनिटच्या (म्हणजे दर मिलिलिटरमागे 40 युनिट इन्सुलिन असलेल्या) कुपीला लाल टोपीची 40 युनिटचीच सिरिंज लागते. 100 युनिटच्या कुपीतले औषध तिच्यात त्याच खुणेपर्यंत भरले तर अडीचपट डोस जातो, हे कुपीवरचा आकडा त्याला वाचायला लावूनच पटवावे. बेंबीभोवतीची दोन बोटे जागा सोडून, रोज जागा बदलून टोचायचे. “समजले ना?” या प्रश्नाला सगळेच मान डोलावतात, म्हणून “घरी सूनबाईंना कसे दाखवाल, ते मला करून दाखवा” असे म्हणावे, आणि चुकले तर आपले सांगणे कमी पडले असे समजून पुन्हा शिकवावे. थकलेल्या रुग्णावर मात्र हे लादू नये. आज किती करायचे ते त्यालाच ठरवू द्यावे.

घाम सुटला, थरथर झाली किंवा रक्तातली साखर 70 च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घेऊन 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे, हे नातेवाइकांकडूनही वदवून घ्यावे.

ड्यूटी बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या परिचारिकेला सोपवायची रुग्णाची माहिती, खाटेजवळ, रुग्णाला ऐकू येईल अशी द्यावी. खासगी बाबी तेवढ्या बाजूला बोलाव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या रुग्ण सुरक्षा दिनासाठी रुग्णांचा सहभाग हाच विषय निवडला होता, आणि त्याची खरी परीक्षा इथे होते: “सिस्टर, काल डोस वेगळा होता,” असे रुग्ण म्हणाला, तर हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवून आधी केसपेपर उघडावा.