अडकलेला पीसीव्ही व्हॉल्व्ह: ओढू नका, आधी फिरवा

माझ्या जुन्या पेट्रोल पिकअपचं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण, कडेकडेने ओलं दिसायला लागलं, तेव्हा मी मुकाट्याने पॅकिंग बदललं. महिन्याभरात पुन्हा ओलं. तिसऱ्यांदा ऑइल मोजायची पट्टीच आपल्या जागेवरून वर उचलली गेलेली दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. पॅकिंगचा काही दोष नव्हता. आतला दाब बाहेर पडायला वाट शोधत होता.

पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भागात, उतरतो. पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह तो ओढून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये, पाठवतो आणि तो पुन्हा जळतो. आत एक छोटा दांडा आणि स्प्रिंग असते. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ जास्त असते, तेव्हा दांडा वाट अरुंद करतो. रेस दिली की ओढ कमी होते आणि वाट मोकळी होते. काजळी आणि ऑइल साचून दांडा बंद बाजूला चिकटला तर दाब वाढून सील गळतात. उघडा राहिला तर इंजिन जास्तीची हवा खातं आणि आयडलिंग डगमगतं. डिझेलवाल्यांनी हे वाचून आपल्या इंजिनात हा व्हॉल्व्ह शोधू नये. तिथे ब्रीदरची, म्हणजे हा वायू बाहेर काढायच्या वाटेची, रचना वेगळी असते.

इंजिन पाचेक मिनिटं चालवून बंद करा. हात लावता येईल इतकं कोमट हवं. व्हॉल्व्ह बहुधा अडकत नाही, अडकतं ते त्याला कव्हरच्या भोकात धरून ठेवणारं रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट. उष्णतेने ते लाकडासारखं होतं. कोमट असताना जरा नरम पडतं.

पहिल्या वेळी मी थंड इंजिनावर पक्कड लावून सरळ वर ओढलं. कट्! प्लॅस्टिकची मान हातात आणि धड भोकात. शिवाय रबराचे दोन तुकडे आत पडले. माझ्या इंजिनात भोकाखाली पत्र्याची आडवी पट्टी होती, म्हणून तुकडे तिथेच थांबले. तरी ते काढायला अख्खं कव्हर उघडावं लागलं, आणि संध्याकाळ गेली.

आता मी असं करतो. आधी आजूबाजूची धूळ-माती ब्रशने झाडतो. होजची, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या रबरी नळीची, क्लिप मागे सरकवून होज हलक्या हाताने पिळून सोडवतो. मग ग्रोमेटच्या कडेला साबणाचं पाणी सोडतो आणि व्हॉल्व्ह बोटांनी डावी-उजवीकडे फिरवतो. हलला की हळूहळू वर घेतो. हलत नसेल तर कव्हरवर कापडाची घडी ठेवून, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने चहूबाजूंनी थोडं थोडं उचलतो. एकाच बाजूने जोर लावला तर प्लॅस्टिकचं कव्हर तडकतं. काही इंजिनांत व्हॉल्व्ह आट्यांचा असतो, तिथे ओढाओढ नाही, पानाच वापरायचा. काहींत तर तो कव्हरमध्येच बसवलेला असतो. तिथे अख्खं कव्हर बदलण्याला पर्याय नाही.

मान तुटलीच, तर उरलेल्या धडात एक जाडसा स्क्रू दोन-तीन आटे फिरवून तो पक्कडीने वर ओढा. ग्रोमेट कडक झालं असेल तर ते ब्लेडने कापून काढायचं. मात्र एक हात व्हॅक्युम क्लीनरच्या नळीवर ठेवा, तुकडे आत जाता कामा नयेत. व्हॉल्व्ह निघाला की भोकात लगेच स्वच्छ फडकं कोंबा.

व्हॉल्व्ह कानाजवळ धरून हलवा. दांडा टक-टक वाजला तर मोकळा आहे. मग इंजिनाकडच्या टोकाला स्वच्छ नळी लावून फुंका. हवा पार जायला हवी. मॅनिफोल्डकडच्या टोकाने फुंकल्यावर अडायला हवी, किंवा जेमतेमच जायला हवी. वाजत नसेल तर कार्बोरेटर क्लीनर मारून, वाळवून पुन्हा पाहा. पण हे फक्त दांडा-स्प्रिंगच्या व्हॉल्व्हला. रबरी पडदा असलेल्याला तो स्प्रे लावला तर पडदा फुगतो. खरं सांगायचं तर, आतली स्प्रिंग थकली असेल तर धुऊन काय होणार? मी नवाच घालतो, आणि तोही त्याच इंजिनासाठीचा. बाहेरून सारखे दिसणारे दोन व्हॉल्व्ह आतून वेगळे असू शकतात. ग्रोमेट न चुकता नवं. त्याला ऑइलचं एक बोट फिरवलं की व्हॉल्व्ह अंगठ्याने बसतो.

होज बघायला विसरू नका. माझी कोपऱ्यावर पिलपिलीत झाली होती, ओढ बसली की आपोआप मिटायची. आत मलईसारखा पिवळट थर दिसला तर ते ऑइलमध्ये मिसळलेलं पाणी आहे. सतत जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या, नीट न तापणाऱ्या इंजिनात हे होतं.

सगळं जोडल्यावर इंजिन चालू करून ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवा. कागद चिकटून बसला तर काम झालं. वर उडाला, तर व्हॉल्व्ह-होज पुन्हा पाहा. तेही ठीक असतील तर कंप्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासून घ्या, रिंगा झिजल्या असण्याची शक्यता आहे.