कापणीआधी ग्रास कटर काढताय? आधी कार्बोरेटर ओळखा

मुरबाड-शहापूरकडे हळवं भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येतं. त्याआधी बांधावरचं कमरेएवढं गवत काढायला घरोघरचे ग्रास कटर बाहेर निघतात आणि नेमके तेव्हाच अडतात. दर वेळी प्लग बदलून भागत नाही. टू स्ट्रोक इंजिनावर कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग, कोणता आहे हे कळलं तर निम्मं दुखणं घरीच सापडतं.

पाठीवरच्या जुन्या पेट्रोल फवारा पंपांवर बहुधा फ्लोटचा कार्बोरेटर असतो. खाली वाटी, वाटीत तरंगणारा फ्लोट. पेट्रोल टाकीतून आपसूक उतरतं. साधा, टिकाऊ, साफ करायला सोपा. पंप घेऊन सरळ उभं राहून फवारायचं असेल तर मला हाच बरा वाटतो. पण यंत्र आडवं झालं की वाटीतलं पेट्रोल एका बाजूला जातं. मग इंजिन एकतर तुंबतं, नाहीतर उपाशी राहतं. म्हणून उतरत्या बांधावर तिरका धरायचा ग्रास कटर किंवा फांदीवर उलटासुलटा चालणारा चेन सॉ याला पडद्याचा, म्हणजे डायफ्राम कार्बोरेटरच हवा. त्यात क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या, दाबाच्या ठोक्यांवर एक पडदा पेट्रोल ओढतो आणि दुसरा ते मोजून सोडतो. यंत्र कसंही धरा, पुरवठा तुटत नाही.

याचा जीव मात्र त्या पडद्यात. पेट्रोल पंपावर आता २०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल दमट हवेतलं पाणी शोषतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नाही. तेच पेट्रोल दोन-तीन महिने आत राहिलं की पडदा कडक होतो. चार स्क्रू काढून पडदा कानाजवळ हलवून बघा: नवा मऊ, आवाज न करणारा, जुना प्लास्टिकच्या कागदासारखा कुरकुरतो. कुरकुरला की बदला. झाकणाखालची बारीक जाळीही पेट्रोलने धुवा, तिला तार लावू नका.

पडदा आणि गॅस्केट (सांध्यातली पातळ चकती) ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने बसवा. काढताना मोबाइलवर फोटो घ्या. मागे मी गॅस्केट उलटं बसवलं आणि दाबाचं बारीक भोक झाकलं गेलं. इंजिन दोन-तीन सेकंद चालून मरायचं. दोन दिवस गेले, तोवर शेजारच्या खाचरातलं भात कापून झालं होतं.

बाजारातून दिसायला सारखा दिसणारा कार्बोरेटर आणून बसवण्याआधी जुना हातात धरून भोकं जुळवून पाहा. आतलं भोक मोठं-लहान असलं तर मिश्रण बिघडतं. आणि टू स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमधूनच पिस्टनपर्यंत जातं. पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, मग पिस्टन जाम. एच लिहिलेला स्क्रू आवळला की पेट्रोल कमी होतं, म्हणून जोर वाढावा यासाठी तो आवळत जाऊ नका. फुल रेसला मोकळ्या, म्हणजे गवतात न शिरलेल्या, यंत्राचा आवाज किंचित जाडसर असावा आणि गवतात शिरल्यावर स्वच्छ व्हावा. मोकळं असतानाच किंचाळत असेल तर लगेच बंद करा.

ऑइलचं प्रमाण यंत्राच्या पुस्तकातलंच घ्या. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. अंदाजाने बाटलीचं झाकण ओतू नका. आठवड्यात संपेल तेवढंच मिसळा, प्रत्येक वेळी डबा हलवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते मिश्रण यंत्रात घालू नका. यंत्राला ऑइलची वेगळी मापकांडी असेल, तर ते फोर स्ट्रोक आहे. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही.

कापणी उरकली की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत आयडलवर (रेस न देता) चालवा. फ्लोटच्या यंत्राचा पेट्रोल कॉक बंद करून वाटीखालचा स्क्रू सैल करा. तळाला साचलेलं पाणी आधी थेंबथेंब बाहेर येईल. ते पूर्ण निथळू द्या. आंब्याला मोहर आला की तुडतुड्यांसाठी हाच पंप लागणार आहे.