त्या रात्री तुम्ही कुठे झोपला होतात? किल्लारी भूकंपाच्या आठवणी कशा लिहून घ्याव्यात

३० सप्टेंबर १९९३ ला जे चाळीस वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली बावन्न गावं त्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जमीनदोस्त झाली. तिथली लहानथोर माणसं आज पुण्याला, मुंबईला, सोलापूरला पांगली आहेत. तुमच्या घरात, शेजारात त्यांपैकी कुणी असेल तर त्यांची आठवण याच वर्षी लिहून घ्या. मी उमरग्याकडे शाळेत शिकवते. दरवर्षी नववीच्या मुलांना हे काम देते, स्वतःही करते. ते कसं करावं हे इथे सांगते.

पहिली गोष्ट, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. त्या दिवसांत भाषणं असतात, कॅमेरे येतात, आणि माणसं दरवर्षी सांगितलेलंच पुन्हा सांगतात. दिवाळीनंतर, शेतातलं काम हलकं झाल्यावर जा. दुपारी जा. अंधार पडल्यावर हा विषय काढू नका. आजही काही घरांत रात्री भूकंपाचं नाव घेत नाहीत आणि त्याला कारण आहे.

बसल्यावर भूकंपाबद्दल विचारू नका. घराबद्दल विचारा. जुन्या गावातलं घर किती खणांचं होतं, दार कुठल्या तोंडाला होतं, चूल कुठे, बळद (धान्य साठवायची बंद जागा) कुठे, जनावरं आत बांधायचे की बाहेर. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गार राहणारी. तीच माती, तेच दगड त्या पहाटे अंगावर आले. कुडाच्या, पत्र्याच्या हलक्या घरांतली माणसं बरीच वाचली. म्हणून घर कसलं होतं हे कळल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

कागद आणि पेन्सिल त्यांच्याच हातात द्या आणि घर काढायला सांगा. चित्र येत नाही म्हणतील. तर तुम्ही चौकोन काढा, मुद्दाम दार नसलेला. "तिथं न्हाई, हिकडं दार" असं म्हणत पेन्सिल हातात घेतातच. मग एकेका माणसाची झोपायची जागा विचारा: आजोबा ओसरीवर, सासूबाई आतल्या खोलीत, लेकरं मध्ये. हा नकाशा पुरा झाला की बहुतेक वेळा पुढचा प्रश्न विचारावाच लागत नाही. एका आजींनी असाच नकाशा काढता काढता सांगितलं, "माज्या उशाशी कोनाडा व्हता, वरून तुळई आडवी पडली, म्हनून मी हाय. पल्याडच्या भिंतीला थोरली व्हती." थोरली म्हणजे थोरली मुलगी. अशा जागी थांबा. पाणी द्या. दुसरं काही बोलू नका, वहीकडेही बघू नका. त्या बोलायला लागल्या तर ऐका. नाही बोलल्या तर तो दिवस तिथेच संपला असं समजा आणि शेतीपाण्याचं बोलून उठा.

"तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न मी मुलांना फळ्यावर लिहून खोडून दाखवते. तो विचारायचा नाही. त्याऐवजी हाताचं, पायाचं, कानाचं विचारा. आवाज कुठून आला? उठल्यावर पहिला हात कशाला लागला? पायात काही होतं का? बाहेर पडल्यावर कुणाचं नाव घेऊन हाक मारली? अंगावर कुठलं पांघरूण होतं? ह्या प्रश्नांना माणूस थेट उत्तर देतो, आणि मनातलं त्यातूनच येतं.

काळाच्या बाबतीत थोडी तयारी करून जा. आदल्या दिवशी, २९ तारखेला, अनंत चतुर्दशी होती. गावोगावी गणपतीचं विसर्जन उशिरापर्यंत चाललं होतं, माणसं दमून झोपली होती, आणि मुख्य धक्का पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी बसला. त्यामुळे "विसर्जनाच्या रात्री भूकंप झाला" असंच सगळे सांगतात. ते तसंच लिहा, तारीख कंसात तुम्ही घाला. कुणी म्हणेल चार वाजले होते, कुणी दोन. दुरुस्त करू नका. घड्याळ बघायला कुणी थांबलं नव्हतं.

चांदण्याचंही तसंच. पौर्णिमा लागूनच होती, म्हणजे आकाशात चंद्र जवळजवळ पूर्ण होता. तरीही निम्मी माणसं "काही दिसत नव्हतं, गच्च काळोख" असं सांगतात. वीज गेली होती आणि पडलेल्या मातीचा धुरळा उठला होता, त्यामुळे गल्लीत अडकलेल्याला काळोख दिसला आणि शेतात झोपलेल्याला चांदणं. दोघंही खरं सांगत आहेत. कोण कुठे होतं यावर ते अवलंबून आहे, म्हणून तर जागा आधी विचारायची.

एक गुंता मात्र सोडवून घ्यावा लागतो. किल्लारी परिसरात १९९२ मध्येही धक्के बसले होते, ऑक्टोबरात तर चांगलाच मोठा. तेव्हा लोक काही दिवस बाहेर झोपले आणि मग पुन्हा घरात गेले. पुष्कळांच्या बोलण्यात ही दोन वर्षं एकमेकांत मिसळतात. "आदल्या वर्षी हादरलं तेव्हा कुठे झोपत होतात? परत आत कधी गेलात, कुणी सांगितलं?" असं वेगळं विचारा. ह्या प्रश्नावर माणसं फार हळू बोलतात. वेळ द्या. "आपण बाहेरच झोपलो असतो तर" हे वाक्य कधी ना कधी येतं. त्यावर समजूत घालायला जाऊ नका.

जे तेव्हा तीन-चार वर्षांचे होते त्यांच्याकडेही जा, पण त्यांना स्वतःला दिसलेलं आणि आईकडून ऐकलेलं वेगळं लिहा. वहीच्या समासात "ऐकीव" असा शब्द पुरे. टीव्हीवर पाहिलेली दृश्यंही लोकांच्या आठवणीत शिरलेली असतात. ऐकीव म्हणजे खोटं असं अजिबात नाही. त्या घरात ती गोष्ट कशी सांगितली गेली, हेही जपायलाच हवं.

गावात नसलेल्यांना विसरू नका. हा हादरा पुणे, मुंबई, हैदराबादपर्यंत जाणवला होता. मी स्वतः लातूरला डी.एड.च्या वसतिगृहात होते. खाट सरकली, आम्ही मुली मैदानात पळालो, आणि कुठे झालंय हे कळायला उजाडावं लागलं. माझं आजोळ तेरणा नदीच्या काठचं, त्या बावन्नांपैकीच एक. नोकरीसाठी लांब गेलेला मुलगा, नांदायला गेलेली लेक, सुट्टी न मिळालेला जवान, यांचं ओझं वेगळं आहे आणि त्यांना कुणी विचारत नाही. त्यांना विचारा: बातमी कुणी सांगितली, रेडिओवर गावाचं नाव आलं का, एसटीडी बूथवर रांग होती का, गावापर्यंत कसे पोहोचलात, शेवटचे काही किलोमीटर पायी का. तशीच त्यानंतर गाव सोडून गेलेली मुलं. भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी १२०० मुलं पुण्याला नेली, ती आता संसारी माणसं आहेत. भूकंपानंतरचे पत्र्याच्या शेडमधले दिवस आणि पुनर्वसनाच्या नव्या गावातले सरळ रस्ते हा या गोष्टीचा निम्मा भाग आहे. जुन्या गावात शेजार कुणाचा होता आणि नव्या गावात कुणाचा मिळाला, एवढं विचारलं तरी तासभर बोलणं होतं.

ध्वनिमुद्रणासाठी साधा मोबाइल चालतो. पंखा बंद करा, फोन मऊ कापडावर ठेवा, विमान मोडवर टाका. सुरुवातीला तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव तुमच्या आवाजात बोला. मुद्रण करू का हे आधी विचारायचं, आणि ठेवू का हे शेवटी पुन्हा विचारायचं. बोलण्याआधीचा होकार आणि बोलल्यानंतरचा होकार सारखा नसतो.

उतरवताना बोली बदलू नका. "व्हतं" चं "होतं" केलं की आजी निघून जातात आणि पाठ्यपुस्तक उरतं. मृतांचा आकडा त्यांच्या तोंडी असेल तो राहू द्या. छापील मजकुरातही ७,९२८ दिसतो आणि ९,७४८ सुद्धा. त्यांच्या घरातली नावं मात्र अचूक हवीत. पूर्ण नाव, नातं, वय. ती दोनदा विचारून लिहा.

लिहून झालं की घेऊन जा आणि मोठ्याने वाचून दाखवा. काहीजण एखादं वाक्य काढायला सांगतील. भावकीतलं भांडण असतं, मदतीच्या यादीत नाव कसं आलं ते असतं, वारसाहक्काचं असतं. निमूटपणे काढा, स्वतःजवळ वेगळी प्रत ठेवू नका. मग मोठ्या अक्षरात छापून एक प्रत घरात द्या आणि त्यांनी हो म्हटलं तर दुसरी गावच्या शाळेत किंवा ग्रंथालयात. घराचा नकाशा प्रत्येक प्रतीला जोडा, त्यांच्या हाताने काढलेलाच. तुम्ही नीटनेटका करून काढलेला नको.