लिफ्ट केलेल्या जीपला नवा स्टेअरिंग स्टॅबिलायझर टाकण्याआधी

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडकडे निघालो होतो. जीप जुनी, कमानीवरची (पाट्यांच्या स्प्रिंगवरची) महिंद्रा एमएम ५४०. दोन इंच उचललेली, टायर मूळ मापापेक्षा मोठे. साठच्या वेगात पुलाच्या जोडावर चाक आदळलं आणि हँडल हातात थडथडायला लागलं, अख्खं बोनेट डावं-उजवं हलायला लागलं. असं झालं तर ब्रेकवर उभं राहू नका. अॅक्सिलरेटर सोडा, हँडल घट्ट धरा आणि गाडी आपसूक हळू होऊ द्या.

गॅरेजवर निदान झटपट झालं: डबल स्टॅबिलायझर टाका. टाकला. दोन महिने गाडी शहाण्यासारखी चालली, मग थडथड परत आली. टायरॉड म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा; त्याच्या उजव्या टोकाच्या जोडात, म्हणजे टायरॉड एंडमध्ये, प्ले (ढिलेपणा) होता. स्टॅबिलायझरने तो नुसता झाकून ठेवला आणि तोवर एंड आणखी झिजला.

स्टॅबिलायझर म्हणजे आडवा बसवलेला शॉकअप. एक टोक टायरॉडला, दुसरं अॅक्सलला नाहीतर चासीला. चाक दगडावर आदळलं की हँडलला बसणारा झटका तो गिळतो. प्ले काढणं किंवा अलाइनमेंट सुधारणं त्याच्याकडून होत नाही. जुन्या जीपा, जिप्सी, जिम्नी या गाड्यांना पुढे सलग अॅक्सल आहे, म्हणून हा सगळा प्रश्न त्यांचा. २०२० पासूनच्या थारला पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तिच्या मालकांनी या भानगडीत पडू नये.

पहिलं काम फुकटातलं: चाकं आतून धुवा. रानातून निघालं की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते, उन्हात वाळून विटेसारखी कडक होते आणि बॅलन्सिंगचा बोऱ्या वाजतो. पावसाळ्यात वर्कशॉपला जाण्याआधी मी पाण्याचा पाइप आणि खुरपं घेतो. मग दोन्ही बाजूंची हवा सारखी करा, बॅलन्सिंग करून घ्या, टायर कुठे फुगलाय का बघा.

आता खरी तपासणी. गाडी सपाट जागेवर, चाकं जमिनीवरच, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दगड. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू. घरातल्या कुणाला तरी हँडल थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं सतत हलवायला सांगा. तुम्ही पुढून वाकून एकेका जोडावर बोट टेकवा: स्टेअरिंग बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंक (त्या आर्मपासून चाकाकडे जाणारा दांडा), टायरॉडची दोन्ही टोकं. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळतं. आधी बारीक 'टक्', मग हालचाल, असं जिथे जाणवेल तिथे प्ले आहे. कॉइल स्प्रिंगवरच्या जिम्नीत पॅनहार्ड रॉडचे (अॅक्सलला आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बोल्ट आणि बुश आधी बघा. तिथला एक ढिला बोल्टही गाडी थडथडवायला पुरतो.

नंतर जॅक लावा, अॅक्सलखाली घोडी (स्टँड) ठेवा आणि चाक वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला लावा. हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावं-उजवं वळतं ती खीळ.

लिफ्ट केल्यावर हमखास विसरला जातो तो कॅस्टर, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे झुकलेला कोन. सायकलचा चिमटा तिरका असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. गाडीतही तसाच तिरकेपणा लागतो. लांब शॅकल (कमानीचं टोक चासीला जोडणाऱ्या पट्ट्या) टाकले की तो बऱ्याचदा कमी होतो, मग वळणानंतर हँडल स्वतःहून सरळ होत नाही. कमानीच्या गाडीत कमान आणि अॅक्सलच्या मध्ये कोनाची पाचर घालतात, जिम्नीत कॅस्टरचे वेगळे बुश मिळतात. यावर स्टॅबिलायझरला पैसे घालणं म्हणजे दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला. आणि हो, गाडी उचलण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ (गाडीत बदल करण्याबद्दलचं) एकदा वाचा.

एवढं सगळं घट्ट निघालं, तर जुना स्टॅबिलायझर काढून हाताने दाबा, ओढा. मध्येच मोकळा सुटतोय, तेल गळतंय, बुश फाटलेत, तर बदला. तो काढलेला असताना रिकाम्या रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात चालवून पाहा. चांगली गाडी त्याच्याविनाही सरळ चालते. थडथडली तर पुन्हा खाली वाका, कुठेतरी प्ले राहिलाय.

दमदार स्टॅबिलायझर घ्यायचा तो बत्तीस-तेहतीस इंची टायर असतील, रिम बाहेर निघालेली असेल आणि खडकाळ ओढ्यात, नांगरटीत हँडल हाताला झटके देत असेल तर. दोन-दोन लावू नका. हँडल जड होतं आणि सरळ व्हायला आळस करतं. गॅस भरलेला स्टॅबिलायझर घेतलात तर एक लक्षात ठेवा: गॅस दांड्याला बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडी किंचित एका बाजूला ओढू शकते.

बसवताना चाकं सरळ असली की दांडा निम्मा बाहेर हवा. मग हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. चाकं स्टॉपरवर टेकण्याआधीच दांड्याची चाल संपत असेल, तर एखाद्या ओढ्यात टायरॉड वाकणार हे ठरलेलं. हीच तपासणी अॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असतानाही करा. सपाटीवर नीट वाटणारा स्टॅबिलायझर तिथे कमानीच्या यू-बोल्टला घासताना मी पाहिलाय. शे-दोनशे किलोमीटर झाले की क्लॅम्पचे नट पुन्हा आवळा. माझा तर तिसऱ्याच दिवशी ढिला निघाला होता.