ब्रेकपॉइंट एका थ्रेडवर, सिस्टिम कॉल तुटतो दुसऱ्याचा: काय करावे

जीडीबी या डीबगरमध्ये एका थ्रेडवर (प्रोग्रामच्या समांतर चालणाऱ्या धाग्यांपैकी एकावर) ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावला, प्रोग्राम थांबला, 'कंटिन्यू' दिले आणि भलताच थ्रेड एरर देऊन बंद पडला. डीबगरविना हाच प्रोग्राम सुरळीत चालतो. अशा वेळी डीबगरच्या नावाने खडे फोडू नका. सिस्टिम कॉलला, म्हणजे कर्नलकडे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे) काम मागणाऱ्या कॉलला, मध्येच परत येण्याची मुभा आहे आणि तुमच्या कोडने ती गृहीतच धरलेली नाही.

लिनक्सवर जीडीबीच्या नेहमीच्या 'ऑल-स्टॉप' पद्धतीत एक थ्रेड थांबला की बाकीच्यांनाही सिगस्टॉप हा थांबवणारा सिग्नल पाठवून थांबवले जाते. त्यांतला एखादा सिस्टिम कॉलमध्ये वाट पाहत असेल, तर त्याला तिथून उठवावेच लागते. पुढे चालू करताना साधा रीड, पोल असे बरेच कॉल कर्नल स्वतःच पुन्हा सुरू करतो. ईपोल-वेट (अनेक सॉकेटवरच्या हालचालीची वाट पाहणारा कॉल), सेमऑप (सेमाफोरवरचा कॉल) किंवा टाइमआउट लावलेल्या सॉकेटवरचा रिसीव्ह मात्र उणे १ घेऊन परत येऊ शकतो आणि एररनोमध्ये (एररचा क्रमांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) ई-इंटर, म्हणजे 'कॉल मध्येच तुटला' असे सांगणारा ४, दिसतो. त्यासाठी तुम्ही सिग्नल हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारे फंक्शन) लिहिलेला असायलाच हवा असे नाही.

आधी खात्री करा. कॉल फसला की लगेच एररनो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, छापाछापी नंतर. प्रिंटएफमुळेही एररनो बदलू शकतो. मग डीबगर बाजूला ठेवून प्रोग्राम चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलवरून किल कमांडने त्याला आधी सिगस्टॉप, दोन-तीन सेकंदांनी सिगकॉन्ट (पुन्हा चालू करणारा सिग्नल) पाठवा. तोच एरर आला तर चूक कोडमध्येच आहे, आणि ती पुन्हा पुन्हा घडवून पाहण्याचा सोपा मार्गही हाती आला.

आता दुरुस्ती. ई-इंटर आला तर कॉल पुन्हा करायचा, एवढा लूप पुष्कळ ठिकाणी पुरतो. पण डोळे झाकून सगळीकडे तोच चिकटवू नका. स्लीप वेळेआधी परतला तर उरलेले सेकंद परत देतो, म्हणून असे लिहा:

उरलेले = १०
जोवर उरलेले > ०: उरलेले = स्लीप(उरलेले)

ईपोल-वेट उरलेला वेळ सांगत नाही. ५००० मिलिसेकंदांचा टाइमआउट दिला, ३००० गेल्यावर कॉल तुटला आणि पुन्हा ५००० दिले, तर एकूण वाट ८ सेकंदांची होते. सुरुवातीलाच मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळावरून शेवटची वेळ ठरवा आणि प्रत्येक फेरीत उरलेलाच वेळ द्या. ब्रेकपॉइंटवर घालवलेली मिनिटेही त्यात मोजली जातात, म्हणून डीबग करताना टाइमआउट मुद्दाम वाढवून ठेवा. राइटने काही बाइट लिहून झाल्यावर थांबा घेतला तर एरर येतच नाही, फक्त लिहिलेल्या बाइटची संख्या कमी येते; उरलेला भाग पुढे लिहा.

सर्वांत घातक क्लोज. लिनक्सवर क्लोजने ई-इंटर दिला तरी डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केले आणि मधल्या क्षणी तोच क्रमांक दुसऱ्या थ्रेडच्या नव्या फाइलला मिळाला असेल, तर तुम्ही त्याची फाइल बंद कराल. ही चूक शोधण्यात दिवस जातात. कनेक्टही पुन्हा करू नका. जोडणी पाठीमागे चालूच राहते. पोलने सॉकेट लिहिण्याजोगा होण्याची वाट पाहा आणि गेटसॉकऑप्टने निकाल तपासा.

पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीच्या म्युटेक्स-लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला मिळणारे कुलूप घेणे) आणि कंडिशन-वेटला (अट पुरी होण्याची वाट पाहणे) हा लूप लागत नाही, ते ई-इंटर देत नाहीत. कंडिशन-वेट विनाकारण जागा होऊ शकतो, म्हणून अट मात्र लूपमध्येच तपासा.

दुरुस्ती होईपर्यंत काम अडले असेल, तर प्रोग्राम सुरू करण्यापूर्वी जीडीबीत 'सेट पेजिनेशन ऑफ' आणि 'सेट नॉन-स्टॉप ऑन' द्या. मग ब्रेकपॉइंटवर आलेला थ्रेडच थांबतो, बाकीचे चालू राहतात. थांबलेल्या थ्रेडने म्युटेक्स धरून ठेवले असेल, तर त्याची वाट पाहणारेही अडकतील. 'इन्फो थ्रेड्स'मध्ये ते धावताना दिसले तरी प्रत्यक्षात ते कुलपापाशीच उभे असतात.