नोटीस कुणाच्या मोबाइलवर जाते, ते आधी बघा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि गावभागात आत्याच्या ट्रंकेतले विम्याचे बाँड भिजून त्यांचा लगदा झाला. डुप्लिकेटसाठी घातलेले हेलपाटे आठवले की आजही पाय दुखतात. म्हणून कागद गेला, ई-मेल आला, याचा मला आनंदच झाला होता.

पण मागच्या वर्षी हप्ता चुकला आणि तिची पॉलिसी लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. "अरे, पत्रच आलं नाही बघ!" कंपनी म्हणाली, पाठवलं. खरंच पाठवलं होतं, पण एजंटाच्या नंबरवर! फॉर्म भरताना त्याने आपलाच मोबाइल टाकला होता आणि तो केव्हाच गाव सोडून गेला होता.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. तेव्हापासून इलेक्ट्रॉनिक नोंद कागदाइतकीच ग्राह्य. २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यातही ई-पॉलिसी आली. १ एप्रिल २०२४ पासून तर नवी पॉलिसी इलेक्ट्रॉनिकच निघते. कागद हवा असेल तर फॉर्म भरतानाच तसं सांगा.

तर आजच बाँड काढा आणि शाखेत जाऊन विचारा, "या पॉलिसीवर मोबाइल आणि ई-मेल कुठला आहे?" चुकीचा असेल तर लेखी अर्ज द्या आणि झेरॉक्सवर पोच म्हणून शिक्का, तारीख घ्या. फोनवर "झालं सर" म्हणतात, त्यावर विसंबू नका. एका कंपनीच्या चार पॉलिसी असतील तर चारही पॉलिसी नंबर अर्जात लिहा. आत्याची एक बदलली, दोन तशाच राहिल्या.

ई-मेलचा स्पॅम फोल्डर आठवड्यातून एकदा उघडायची सवय लावा. नवी पॉलिसी पटली नाही तर परत करायला ती मिळाल्यापासून ३० दिवस असतात. हप्त्याची तारीख चुकली तर भरायला मुदत मिळते: मासिक हप्त्याला १५ दिवस, सहामाही-वार्षिकाला ३०. मेसेजमधल्या लिंकवरून मात्र पैसे भरू नका. कंपनीच्या साइटवर स्वतः जा.

शक्य असेल तर ई-इन्शुरन्स खातं उघडा. ते फुकट असतं, माणशी एकच, आधार-पॅन लागतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पॉलिसी एका जागी दिसतात. त्यात अधिकृत प्रतिनिधी नेमता येतो. आपल्या पश्चात तो खातं बघू शकतो, पैसे मात्र नॉमिनीलाच. आत्याने मला नेमलं. तरी ती प्रत्येक ई-मेलची प्रिंट काढून त्याच ट्रंकेत ठेवते.

कंपनी ऐकत नसेल तर आधी तिच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, मग विमा नियामकाचं (IRDAI) बिमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ ही हेल्पलाइन. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विम्याच्या तक्रारी सोडवणारा विमा लोकपाल. सांगलीकरांसाठी त्याचं कार्यालय पुण्यात आहे, तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. शिक्क्याची ती झेरॉक्स तिथे जोडायची.