दारातली ठिपक्यांची फुले : काढताना या चुका टाळा

दिवाळीत दारातल्या रांगोळीतले फूल वाकडे दिसू लागले, की आपण पाकळी पुसतो आणि पुन्हा काढतो. दोन-तीनदा असे झाले की फरशीवर पांढरट धूसर डाग उरतो आणि फूल वाकडे ते वाकडेच राहते. माझ्या अनुभवात पाकळीची चूक फार थोडी असते. खरी चूक तिच्याखालच्या ठिपक्यांत, आणि कित्येकदा त्याही आधी जमिनीत असते. पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या दगडी ओट्यावर माझा हात बसला होता, त्यामुळे गंगापूर रोडच्या सदनिकेतल्या गुळगुळीत टाइलवर पहिल्यांदा रांगोळी काढायला बसले तेव्हा ही गोष्ट मला नव्याने शिकावी लागली.

आधी ठिपक्यांचे पाहू. नमुन्याखाली ‘७ ते ४’ असे लिहिलेले असते, तेव्हा मधल्या ओळीत सात ठिपके आणि तिच्या वर व खाली सहा, पाच, चार अशा उतरत्या ओळी असतात; शिवाय प्रत्येक ओळीतला ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधोमध येतो. हे सगळे मिळून ३७ ठिपके होतात : मधला एक, त्याच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा आणि सर्वांत बाहेर अठरा. सहा पाकळ्यांचे फूल याच मांडणीवर नीट उमलते, कारण प्रत्येक आतल्या ठिपक्याला सारख्या अंतरावरचे सहा शेजारी मिळतात. ‘७ ते ७’च्या सरळ चौकोनी ठिपक्यांवर तेच फूल ओढूनताणून बसवणे ही नेहमीची चूक आहे. तेथे चार पाकळ्यांचे फूल घ्यावे. आठ पाकळ्या हव्याच असतील, तर तिरक्या पाकळ्या ठिपक्यापर्यंत न नेता थोड्या अलीकडे थांबवाव्यात, कारण तिरका ठिपका सरळ ठिपक्यापेक्षा जवळजवळ दीडपट लांब असतो.

दुसरी चूक डोळ्यांना सहज दिसत नाही आणि म्हणूनच ती अधिक त्रास देते. ठिपक्या-ठिपक्यांत चार सेंटिमीटर अंतर ठेवले, की दोन ओळींमध्येही आपण चारच ठेवतो आणि सगळी फुले उभी ताणल्यासारखी दिसतात. उतरत्या मांडणीत चार सेंटिमीटरला ओळींचे अंतर साधारण साडेतीन सेंटिमीटर हवे. पट्टी हाताशी नसेल तर ठिपके देऊन झाल्यावर उभे राहावे आणि आडव्या ओळीखेरीज दोन्ही तिरक्या दिशांनीही पाहावे. तिन्ही दिशांना ओळी सरळ दिसल्या तरच पहिली पाकळी काढावी; एखादी ओळ सरकलेली असेल तर तेवढीच पुसावी. हे मिनिटभराचे पाहणे मी कधीही टाळत नाही.

ठिपक्यांचा कागद वापरणाऱ्यांच्या हातून वेगळ्या चुका होतात. आमच्याकडे जुन्या कॅलेंडरचा जाड कागद घेऊन पेटत्या उदबत्तीने त्याला भोके पाडत, आणि भोक ज्वारीच्या दाण्याहून मोठे झाले तर आजी तो कागद बाजूला ठेवून देत असे, कारण मोठ्या भोकातून ठिपका न पडता ढीग पडतो. कागदावर रांगोळी पसरून तळहात हलकेच फिरवावा, उरलेली पूड एका कडेला ओढून आधी उचलून घ्यावी आणि मगच कागद दोन्ही हातांनी सरळ वर घ्यावा. पूड तशीच ठेवून एका कोपऱ्याने कागद उचलला, तर ती घसरून नुकत्याच पडलेल्या ठिपक्यांवरच सांडते.

जमिनीबाबत घाई करू नये. गुळगुळीत टाइलवर पूड पकड घेत नाही आणि जिन्यातून आलेल्या झुळकीनेही सरकते, म्हणून गेरूचा पातळ हात द्यावा. फिकट टाइलच्या सांध्यांत गेरूचा डाग राहू शकतो, तेव्हा आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे. डागाची भीती वाटत असेल तर कडाप्प्याच्या तुकड्याला गेरू लावून तो दाराशी मांडावा. ओलसर गेरूवर रेघ टाकली की पूड पाणी शोषते आणि रेघेच्या कडा फुटतात. नरक चतुर्दशीला पहाटे रांगोळी काढायची असेल तर गेरू आदल्या संध्याकाळीच लावलेला बरा.

रांगोळी बाजारातून आणल्यावर बोटांत चोळून पाहावी. फार बारीक, पिठासारखी पूड चिमटीतून सलग सुटत नाही आणि फार भरड असली तर कण ठिपक्यापासून दूर घरंगळतात. रेघ मध्येच तुटत असेल, तर बहुधा पूड दमट झालेली असते. ती उन्हात वाळवून चाळली की ठीक होते. रेघ पसरट येत असेल तर हात फार उंच आहे असे समजावे. बोटे जमिनीपासून इंचभरच वर ठेवावीत.

चुकलेली रेघ तळहाताने कधीही पुसू नये. गेरूवर कोरड्या, मऊ ब्रशने पूड उचलावी आणि उरलेला पांढुरका भाग गेरूच्या ब्रशने टिपून वाळू द्यावा. टाइलवर पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा पुरतो.

रंग मधल्या फुलापासून बाहेर भरत यावे, म्हणजे भरलेल्या भागावर हात टेकवावा लागत नाही. नुसता गडद रंग न वापरता त्यात पांढरी रांगोळी मिसळावी. त्याने रंग सारखा पसरतो आणि टाइलवर डागही कमी पडतो. भरताना कडा झाकल्या जातातच, म्हणून पांढरी रेघ शेवटी पुन्हा फिरवावी.

जागा मात्र सर्वांत आधी ठरवावी. ठिपक्यांत चार सेंटिमीटर अंतर धरले तर ‘७ ते ४’चे ठिपके सुमारे २४ सेंटिमीटर रुंदीत मावतात आणि ‘१५ ते ८’चे सुमारे ५६, पाकळ्यांचा बाहेरचा घेर वेगळा. सदनिकेच्या अरुंद दाराशी मोठा नमुना मधोमध काढला, तर फराळाचे ताट घेऊन येणारी शेजारीण पाय कोठे ठेवणार? दोन लहान नमुने उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना काढावेत आणि मधल्या मोकळ्या वाटेवर लक्ष्मीची पावले काढावीत, बोटे घराच्या आत वळलेली.